खुलासा : कौलाची पाकळी म्हणजे देवाचा पुरावा नव्हे

‘गोव्यातल्या देवळांत कौल लावला की उजवीकडचीच पाकळी पडते, विज्ञानाकडे उत्तर नाही, म्हणजे देव सिद्ध झाला,’ असा मेसेज फिरतोय. कौल म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला प्रश्न विचारायचा; उजवीकडची आधी पडली तर होकार. मुळात डावीकडचीही पडते. तो नकार मानतात. पाकळी मूर्तीला चिकटते ती पाण्याच्या पातळ थरामुळे. थर सुकला की वजनाने सुटते. पाकळीची जाडी, जवळची समई, पंख्याचा वारा, यांवर कुठली आधी पडेल ते ठरतं. उत्तरं दोनच, त्यामुळे योगायोगानेही साधारण निम्मे कौल खरे ठरणार. खोटे ठरलेले कोण लिहून ठेवतो? पण म्हणून भाविकाला खुळा म्हणायचं कारण नाही. गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे देवापुढे आपली अडचण मांडणारे, बरेचजण अडलेला निर्णय सोडवायला येतात, पुरावा मागायला नव्हे. विधी पाळायला देव सिद्ध व्हावाच लागतो असंही नाही: यज्ञकर्माचे कट्टर समर्थक पूर्वमीमांसक, म्हणजे प्राचीन भारतातल्या एका वैदिक दर्शनाचे अनुयायी, तर जगाचा कर्ता ईश्वर मानतच नव्हते.