मुलींना गणित झेपत नाही म्हणे!

अकरावीचे फॉर्म निघाले की एक मेसेज हमखास उगवतो. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' अशी सुरुवात, मधे मेंदूचं रंगीत चित्र, शेवटी पालकांना हात जोडून विनंती: पोरीला मॅथ्स देऊन तिचं नुकसान करू नका, बायो द्या. लातूर-नांदेडच्या पालकांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत तो आता भाचीच्या घरी पोचलाय आणि तिचा फॉर्म अडून बसलाय. म्हणून हे लिहिणं आलं.

पुरुषाचा मेंदू वजनाने जास्त, हा पहिला मुद्दा. आहेच, सरासरी दहाएक टक्के. शरीरही मोठं आहे. वजनावर गणित येत असतं तर पाच किलोच्या आसपास मेंदू घेऊन फिरणारा हत्ती जेईईला पहिला आला असता.

दुसरा, बायकांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल जाड, म्हणून त्या 'भावनेने विचार करतात'. ही गोष्ट १९८२च्या एका निबंधातून निघाली. त्यात तपासलेले मेंदू एकूण चौदा! १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र घेऊन पडताळा केला तेव्हा हा फरक टिकला नाही. टिकला असता तरी त्या पुलावरून भावनाच का जावी, बीजगणित का नाही, हे मेसेज सांगत नाही.

गणितातलं सर्वोच्च पारितोषिक एकाही बाईला नाही, हे तर धडधडीत खोटं. फील्ड्स पदक २०१४ मध्ये इराणच्या मरियम मिर्झाखानी यांना आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या मरिना व्याझोव्स्का यांना मिळालं. पुढे.

एक मुद्दा अर्धा खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. दहा ठोकळे जोडून केलेली वाकडीतिकडी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायच्या चाचणीत मुलगे सरासरीने पुढे असतात. पण हे कौशल्य सरावाने वाढतं. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष हाच. साबणाच्या वडीचे दहा चौकोनी तुकडे काड्यांनी जोडून, समोरून आणि बाजूने वहीत काढायला लावा, सराव सुरू झाला. आणि प्रत्यक्ष गणिताच्या परीक्षेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या ७० लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण २००८ मध्ये तपासले गेले. मुलगे-मुलींच्या सरासरीत नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही.

खरं विष मेसेजच्या मधोमध एका ओळीत आहे: 'मुलींचे मार्क घोकंपट्टीचे, मुलांना उपजत डोकं असतं.' हे वाक्य कुठलाही आकडा पचवतं. पोराला पन्नास पडले तर 'डोकं आहे, पण अभ्यास करत नाही'. नव्वद पडले तर डोकं आहेच. पोरीला नव्वद पडले तर 'मेहनती आहे बिचारी', आणि पन्नास पडले तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' पेपर कसाही जावो, शेरा आधीच लिहून ठेवलेला. लेकरं हे फार लवकर उचलतात. २०१७च्या एका अमेरिकी अभ्यासात 'खूप खूप हुशार' माणूस ओळखायला सांगितल्यावर पाच वर्षांचे मुलगे जितक्या खात्रीने पुरुष दाखवत, तितक्याच खात्रीने त्या वयाच्या मुली बाई दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींत ती खात्री घसरलेली होती. म्हणजे पहिली-दुसरीत.

असा शेरा मारणाऱ्याला आपण भेदभाव करतोय हे जाणवतही नाही. व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड या अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या तेल अवीवच्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांचे दोन-दोन गुण शेजारी ठेवले: शिक्षकाने नाव माहीत असताना दिलेले आणि बाहेरच्या तपासनिसाने नाव न कळता दिलेले. ज्या शिक्षकांचा काटा गणितात मुलग्यांकडे झुकत होता, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींचे गुण पुढे घसरले आणि वरच्या पातळीचं गणित घेण्याचं प्रमाणही घटलं. मुलग्यांचं उलट झालं. शिक्षक प्राथमिकचे, फळ दिसलं हायस्कुलात.

आपल्याकडे दहावीचं बीजगणित ४०, भूमिती ४० हे बोर्डात बारकोडखाली तपासलं जातं, अंतर्गत २० शाळेत नावासकट. अशा तुलनेला त्या विसाचा उपयोग नाही, ते जवळपास सगळ्यांनाच भरभरून मिळतात. गोची होते ती घटक चाचणीत, पायऱ्यांच्या गुणांत. चार गुणांचं उदाहरण, समीकरण बरोबर मांडलं, चिन्ह चुकलं, उत्तर चुकलं. त्याला 'सिली मिस्टेक' म्हणून तीन, तिला 'समजलेलंच नाही' म्हणून दोन. बहुपर्यायी प्रश्नात या झुकत्या मापाला जागाच नसते.

आपल्याकडे हे झुकतं माप आहे का, हे शाळेला तपासून बघायचं असेल तर पूर्वपरीक्षा पुरते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालायचा, यादी मुख्याध्यापकांकडे ठेवायची. कुठल्या पायरीला किती गुण, हे तपासणीआधी लिहून घ्यायचं. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासून झाला की मगच दुसरा. अक्षरावरून पोरं ओळखू येतात, म्हणून गठ्ठा दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे द्यायचा. मग हे गुण आणि घटक चाचणीचे गुण शेजारी मांडायचे. दहा-वीस पोरांच्या गुणांवरून मात्र कुणा सरांना आरोपी करू नका, दोन-तीन तुकड्या तरी लागतात.

'अहो, आमच्या मॅडमही हेच म्हणतात', असं मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. म्हणणारच! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एकच अर्ज दाखवला, काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला आणि तिला २६,५०८. बाई प्राध्यापकांनीही तेच केलं.

शेवटची ओळ काळजीची: मुलगी घरची लक्ष्मी, तिला कशाला ताण? पीटर ग्लिक आणि सुसान फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बायकांविषयीचा दृष्टिकोन मोजायला २२ विधानांची मोजपट्टी केली, अकरा तुच्छतेची, अकरा अशा गोड काळजीची. पुढे १९ देशांत १५ हजारांहून जास्त लोकांवर ती वापरली, तेव्हा जिथे तुच्छता जास्त तिथे गोडवाही जास्त निघाला. लांब कशाला जायचं? २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. लक्ष्मीचं वाक्य तेव्हाही घरोघरी होतंच.

आता फॉर्मचं. नीटमध्ये ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे, आणि त्यात सदिश (व्हेक्टर), त्रिकोणमिती, थोडं कलन (कॅल्क्युलस) लागतंच. गणित टाळून बायो घेतलेल्या पोरीला गणित तिथे भेटतंच. मॅथ्स सोडलं तर जेईई मेनमधल्या ३०० पैकी १०० गुणांवर आणि सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटातल्या २०० पैकी १०० गुणांवर पाणी. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. अकरावीला मॅथ्स आणि बायो दोन्ही घेता येतात, सीईटीचे दोन्ही गटही देता येतात. तिला बायोच हवं असेल तर विषय मिटला. पण तिला काय हवंय, हे त्या ग्रुपवर अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.