पीडीएफ नको, आवाज पाठवा

आज एका शाळेच्या तिसरीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मराठीचा गृहपाठ पाहिला आणि संताप झाला. १२ पानांची पीडीएफ, खाली सूचना: 'पाठ वाचून घेणे, वाचनाचा व्हिडिओ आजच ग्रुपवर टाकणे.' त्याखाली धडाधड आलेले व्हिडिओ. त्यातला एक डोक्यातून जात नाहीये. एक मुलगी पुस्तक धरून उभी आहे. 'सूर्य' आला की अडते. मोबाइलमागून आई हलकेच 'सूर्य' म्हणते, मुलगी 'सूर्य' म्हणते आणि पुढे जाते. 'पर्वत'वर पुन्हा तेच. शाळेकडून उत्तर काय, तर एक अंगठा.

झालं भाषेचं शिक्षण!

अहो, त्या पोरीला रफार वाचता येत नाही, हे त्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतंय. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूर्य, पर्वत, गर्दी, वर्ष लिहायचं, रफार ज्या अक्षरावर बसलाय त्याच्या आधी तो उच्चारायचा हे बोट ठेवून दाखवायचं, मग 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारीशेजारी ठेवायचे. १० मिनिटांचं काम आहे. पण घरून आलेलं कुणी ऐकलंच नाही, तर ते वर्गात येणार कुठून? तंत्रज्ञानानं घर आणि शाळा जोडली म्हणतात ती ही अशी. सामान एकाच दिशेनं जातं आणि परत येतो तो फक्त पुरावा.

कोविडच्या काळात पीडीएफनंच निभावून नेलं, मान्य. पण सहा इंची स्क्रीनवर ए-फोर पान वाचायचं म्हणजे अक्षर मोठं करा, पान डावी-उजवीकडे सरकवा, आणि तेवढ्यात ओळ हरवते. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला ओळ सापडणं हीच अर्धी लढाई असते. त्यात ती पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असली, तर फोनला ती मोठ्यानं वाचूनही दाखवता येत नाही. पुस्तक घरात आहे ना? मग पान क्रमांक सांगा, पुरे.

पाठवायचाच तर आवाज पाठवा. ८ ओळींचा एक परिच्छेद, शिक्षकांच्या आवाजात, सावकाश, मिनिटभराच्या आत. सुरुवातीला पान आणि ओळ सांगायची. मुलानं ओळीखाली बोट फिरवत तो ऐकायचा, मग फोन बाजूला ठेवून तीनदा वाचायचं आणि त्यानंतर एकदाच रेकॉर्ड करायचं. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, म्हणजे बोट दाबून धरावं लागत नाही आणि दोन्ही हात पुस्तकाला मोकळे राहतात. एवढी एक गोष्ट पालकसभेत करून दाखवा. मिनिटभराचा ऑडिओ व्हिडिओच्या मानानं किरकोळ डेटा खातो.

व्हिडिओत मूल पुस्तकात बघतंय की नाही ते दिसतं, हे खरं. पण पाठ करून म्हणणारं मूल ऑडिओवरही पकडता येतं. शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा.

३० मुलांचं रोज कोण ऐकणार? रोज ऐकूच नका. रोज ६ मुलांची पाळी, पाच दिवसांत वर्ग पुरा. दीडपट वेगानं ऐकलं तर पाच मिनिटंही लागत नाहीत. ऐकताना वहीत फक्त अडलेले शब्द लिहा. दोन-तीन मुलं जिथे अडली, तो उद्याचा फळा. आणि हे ग्रुपवर नको, थेट शिक्षकांना पाठवू द्या. अडखळणारं मूल सगळ्यांच्या आयाबापांना कशाला ऐकवायचं? ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवणारी यादी, करणार असाल तर शिक्षकांचा नंबर पालकांनी सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही.

'आजच' हा शब्द तर काढूनच टाका. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री नऊला घरी येतो, त्यावर दोन भावंडं असतात. मुदत दोन दिवसांची द्या. त्या व्हिडिओतल्या आईचा यात काडीचा दोष नाही. आजचा आज व्हिडिओ मागितला, तिनं पोरीला सांगून सांगून दिला. तिला 'अडली तर अडू द्या, तसंच पाठवा' असं एका ओळीत कळवलं असतं, तर तिनं तेही केलं असतं.

उलट्या वाटेनंही काहीतरी यायला हवं. धुळे-नंदुरबारकडच्या घरांत आजी अहिराणी बोलते, मेळघाटात घरची भाषा कोरकू असते. कळण्याची भाकरी कशी करायची हे आजीला विचारा, मिनिटभर रेकॉर्ड करा. वर्गात ते ऐकवा, घरच्या एकेका शब्दासमोर मुलांकडूनच पुस्तकी मराठीतला शब्द काढून घ्या, मग त्याच कृतीची पाच वाक्यं वहीत. अहिराणीत 'आंडोर' म्हणणाऱ्या मुलाला 'मुलगा' शिकवताना आधीचा शब्द पुसायची गरज नसते.

मूल मोठ्यानं वाचतं ते ऐकून चुका दाखवणारं, गूगलच्या रीड अलाँगसारखं ॲप सरावाला वापरा, त्यात मराठी आहे आणि गोष्टी उतरवून घेतल्या की ते नेटशिवाय चालतं. मात्र घरात टीव्ही चालू असला की ते नीट ऐकत नाही, आणि 'चाक'मधला च नि 'चंद्र'मधला च यातला फरक त्याच्यावर सोडू नका. पुस्तकातला क्यूआर कोड कॅमेऱ्याला सापडत नसेल, तर त्याखालची सहा अक्षरं सरकारच्या 'दीक्षा' ॲपमध्ये टाइप करा.

जूनमधला एक आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक, असे प्रत्येक मुलाचे दोन आवाज जपून ठेवा आणि त्याचे त्यालाच ऐकवा. बाकीचे वेळच्या वेळी फोनमधून काढून टाका, आणि वर्ष संपलं की हे दोनही.