आई-बाबांसाठी घर बघताय? सड्यावरच्या बंगल्याआधी शहरातलं रो हाऊस बघा

मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-ठाण्याची मंडळी कोकणात आली की निम्मी तरी प्लॉट बघून जातात. यंदा आमचा दादाही त्यांच्यात आहे. आई-बाबांना आता मूळ गावच्या घरी दोघांनाच ठेवायचं नाही, हे आमचं सगळ्यांचं ठरलंय. अडलंय ते पुढे. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या आसपास रो हाऊस घ्यायचं, की भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, प्लॉट घेऊन बंगला बांधायचा? पैसे दोन्हीकडे साधारण सारखेच जातील. दादाचं मन बंगल्यावर आहे, माझं रो हाऊसवर. फोनवर बोलताना दोघांचाही आवाज चढतो, म्हणून शांतपणे लिहून काढतेय. आमच्यासारखा विचार करणारी घरं आज कोकणात खूप आहेत.

बंगल्याची ओढ मला पूर्ण कळते. आपल्याकडे घराला घर लागून नसतंच. प्रत्येकाचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, वेगळा, माडा-पोफळीचं आगर वेगळं. पुढे अंगण, तुळस, मागे चार माड, दोन हापूसची कलमं, हे डोळ्यांसमोर ठेवूनच आपण वाढलो. पण तिथे रोज राहणार कोण? दादा वर्षातून दोनदा येणार. बाकीचे दिवस सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. घर निवडायचं तर त्यांचा दिवस कसा जातो ते बघूनच.

सड्यावरच्या प्लॉटिंगला आपण ‘गावाकडचं घर’ म्हणतो, तिथेच गफलत होते. गावात वाडी असते. वाडीत कुणाच्या चुलीचा धूर दिसला नाही तरी शेजारीण विचारायला येते. प्लॉटिंगमध्ये वाडी नसते. गेट आहे, डांबरी रस्ता आहे, दिव्याचे खांब आहेत आणि पंधरा-वीस बंगल्यांपैकी दोन-तीनच उघडे. बाकीचे मालक मुंबई-पुण्यात. संध्याकाळी सातनंतर तिथे एकदा उभे राहून बघा. माझी विनंती आहे, प्लॉट दुपारी ब्रोकरबरोबर बघू नका, पावसाळ्यातल्या रात्री बघा.

आमच्या ओळखीतले एक काका अशाच बंगल्यात राहायचे. जुलैत सकाळी मोटर चालू करायला म्हणून विहिरीकडे गेले. घरापासून विहिरीपर्यंत जांभ्याच्या फरशीची पायवाट होती, तिच्यावर शेवाळ धरलं होतं. पाय सरकला, खुबा मोडला. काकू आत देवपूजा करत होत्या, पत्र्यावर पाऊस वाजत होता, हाक ऐकू गेली नाही. पावाची गाडी घेऊन येणारा पोरगा आला तेव्हा त्याला ते दिसले. काका भिजून गारठले होते, एका हातानं गवत घट्ट धरलेलं. वाचले, पण त्यानंतर कधी काठीशिवाय चालले नाहीत. बंगला उत्तम होता, बांधकामात काही कमी नव्हतं. हाकेच्या अंतरावर माणूस नव्हतं, एवढंच.

पावसाळ्यात स्वतंत्र घर किती काम मागतं हे लांब राहणाऱ्याला दिसत नाही. मे संपायच्या आत पन्हळी साफ करायच्या, कौलं असतील तर शाकारणी, माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवायच्या. पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूला झावळ्यांची विणलेली झापं किंवा पत्रे बांधायचे. ऑगस्टपर्यंत रान कमरेएवढं होतं, ते बेणायला गडी शोधायचा, आणि गडी आता सहज मिळत नाही. माकडं आली की कौलं फुटली. रान वाढलं की फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, आलं. फुरसं चावलं तरी प्रतिविष आहे. विंचवाच्या दंशावर तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. औषध आहे, पण माणूस वेळेत पोचायला हवा. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, गाडी न चालवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी सड्यावरून रत्नागिरीला यायचं कसं? दादाकडे याचं उत्तर ‘ड्रायव्हर ठेवू’ हे आहे. ड्रायव्हर रात्री त्याच्या घरी असतो.

पाण्याचंही तेच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून पाण्याची काळजी नाही असं बाहेरच्याला वाटतं. पण सडा म्हणजे जांभा. पाणी त्यात मुरतं आणि उतारानं वहाळाला, खाडीला जाऊन मिळतं. एप्रिल उजाडला की सड्यावरच्या कित्येक विहिरी तळाला जातात, बोअरही दगा देते, मग टँकर. शहराला शीळ धरणाचं पाणी आहे. उन्हाळ्यात कपात होते, नाही असं नाही, पण टाकी भरून ठेवली की निभतं. प्लॉट घ्यायचाच असेल तर शेजारच्या विहिरीत मे महिन्यात वाकून बघा. ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.

वादळाचा अनुभव तर ताजा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. शहरातल्या मुख्य वाहिन्या आधी जोडतात, टोकाची चार घरं शेवटी. त्या चार घरांतलं एक आई-बाबांचं असावं असं मला वाटत नाही.

रो हाऊसमध्ये सगळं चांगलंच आहे असंही नाही. बहुतेक रो हाऊसमध्ये खाली हॉल-किचन आणि झोपायच्या खोल्या वर असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जिना म्हणजे रोजची शिक्षा. म्हणून मी एकच अट धरून बसले आहे: खाली एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम, नसेल तर ते घर बघायचंसुद्धा नाही. दुसरं, मधल्या सामाईक भिंतीच्या वर दोन छपरं जिथे मिळतात तिथे पाणी साठतं आणि ओल दोन्ही घरांत उतरते. डागडुजीचा खर्च कुणी किती द्यायचा हे करारात लिहून घ्या, नाहीतर शेजाऱ्याशी कायमचं बिनसतं. आणि ‘रेरा नंबर नाही’, म्हणजे घरबांधणी कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी नाही, म्हणून लगेच घाबरू नका, पण बेफिकीरही राहू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत घरांचे छोटे प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतात. अशा वेळी कागद वकिलाकडून तपासून घेणं आपल्यावरच येतं.

प्लॉटचे कागद तर याहून किचकट. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. सातबारावर भाऊबंदांची दहा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काहींचे वारस लागलेले नाहीत. विकणारा ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती पुढे करतो, पण तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. बिगरशेती आदेश बघा, फेरफार बघा, आणि रस्ता कागदावर आहे की नुसता वहिवाटीचा, ते बघा.

चिपळूणकरांसाठी मात्र माझं म्हणणं जसंच्या तसं लागू नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ज्यांना वरचा मजला होता ते तिथे जाऊन बसले. तिथे जिना हवाच. शहरात घर घेताना २००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे त्या गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा. आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली, हेही डोंगर कापून पाडलेल्या प्लॉटवर उभं राहताना आठवा.

काल आईला विचारलं, तुला काय हवं? दादानं बंगल्याचा नकाशा पाठवला होता, तो तिनं चष्मा लावून नीट पाहिला. म्हणाली, “अंगण छान आहे गो, पण दुपारी बोलायला कोण?” बाबा काही बोलले नाहीत, पण लायब्ररी चालत जाण्याएवढी जवळ आहे का, एवढं त्यांनी दोनदा विचारलं. दादा, तू हे वाचशीलच. तुझं प्रेम मला ठाऊक आहे, आयुष्यभर चाळीत आणि मग वन बीएचकेत राहून तू त्यांना मोकळी जागा द्यायला बघतोयस. ती मोकळी जागा तुला हवी असेल तर निवृत्त झाल्यावर तू बांध, मी स्वतः विहिरीची जागा शोधायला येईन. आत्ता त्यांना माणसं हवी आहेत.

मारुती मंदिर ते साळवी स्टॉप या पट्ट्यात, खाली झोपायची खोली असलेलं रो हाऊस कुणी विकत असेल किंवा कुणाला ठाऊक असेल तर मला मेसेज करा. तुळशीपुरती जागा पुढे असली तर फारच बरं.