ऑइलच्या निपलात ग्रीस भरणाऱ्या महाभागा!

जुन्या मिलिंग मशीनला (धातू कापायच्या यंत्राला) गंज लागला तर माझी तक्रार नाही. बीड (कास्ट आयर्न, ओतीव लोखंड) आहे, हवा दमट आहे, गंजणारच. पण माणसांनी करून ठेवलेल्या उद्योगांचं काय करू?

टेबल सरकेना म्हणून सॅडलची, म्हणजे टेबलाखालच्या भागाची, निपलं उघडली. ऑइलची निपलं, तेल आत सोडायची बारीक तोंडं. ऑइलची! त्यात कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीसगन लावून ग्रीस दाबलंय. आतल्या बारीक वाटांमध्ये ते वाळून मेणासारखं घट्ट बसलंय आणि जिथे खरी घासाघीस होते त्या डोव्हटेलवर, म्हणजे टेबल ज्या तिरप्या कडांच्या खाचेत सरकतं तिच्यावर, तेलाचा थेंब पोचलेला नाही. आता तारा खुपसा, रॉकेल मारा, परत तारा खुपसा. वर त्याच महाभागाकडून "मी मशीनची काळजी घ्यायचो" हे ऐकायचं ते वेगळंच.

जिबचंही तेच. टेबलाच्या खाचेतली फट भरणारी निमुळती पट्टी, दोन टोकांना दोन स्क्रू. एक सैल केला, दुसरा आवळला की पट्टी सरकते. पण नाही! टेबल डुगडुगलं की आवळ, परत डुगडुगलं की परत आवळ. स्क्रूची खाच पार चेपून टाकलीय.

आर्बर (कटर धरणारा दांडा) अडकलाय, तर म्हणे घण घाल. अरे, बीड वाकत नाही, तडकतं! आर्बरचा ७:२४ चा टेपर (निमुळतं टोक) मोर्स टेपरसारखा घट्ट धरून बसणारा नाही, ड्रॉबार (आर्बर आत ओढून धरणारा लांब बोल्ट) सैल केला की तो सुटायलाच हवा. नाही सुटला म्हणजे मध्ये गंज आहे. ड्रॉबार एक-दोन फेरे ढिला करायचा, तेल मुरू द्यायचं, मग ड्रॉबारच्या डोक्यावर टोला. पण मुरू द्यायला धीर कुणाला आहे?

आणि ही हँडलची कॉलर, म्हणजे दांड्यावरचं कडं. रंगाचे थर खरवडले, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सापडला, काढला. कॉलर ढिम्म! त्याच भोकात खाली आणखी एक ग्रब स्क्रू. खालचा सुटू नये म्हणून वरून दुसरा, ही शहाणी सोय आहे, मान्य. पण त्यावर लांबी (पुट्टी) भरून, घासून, गुळगुळीत रंग मारणाऱ्याला काय म्हणावं? शिवाय खालच्याचा षटकोन आधीच कुणीतरी खाल्लाय, ॲलन की नुसती गरगर फिरते. म्हणजे आता ड्रिल मारून एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार) लावायचा. तो आत तुटला तर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. बसा मग बोंबलत!