हार्ड म्हणजे हाड नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : कडकपणा सांगणारी इंग्रजी विशेषणं संस्कृतातून उचललेली आहेत. हार्ड म्हणजे हाड, टफ म्हणजे तप, रिजिड म्हणजे ऋजु, फर्म म्हणजे धर्म, ॲडमंट म्हणजे अदम्य. खाली सूचना : मुलांना नक्की वाचून दाखवा. मुलांपर्यंत जाणार म्हणूनच याला उत्तर द्यायला हवं. पाचांतले तीन दावे साफ चुकीचे आहेत. उरलेल्या दोनांत खरी गोष्ट दडलेली आहे, पण ती मजकूर सांगतो त्याहून वेगळी आहे.

आधी हाड. वेदांत हाडाला अस्थि म्हणतात. मराठीतलं हाड प्राकृतातल्या ‘हड्ड’वरून आलं. इंग्रजी हार्ड जुन्या इंग्रजीत ‘हेअर्ड’ होता, जर्मनमध्ये तो ‘हार्ट’ आहे, आणि ग्रीकमधला त्याचा भाऊबंद ‘क्रातोस’, म्हणजे बळ, सत्ता. डेमॉक्रसीतली ‘क्रसी’ ती हीच. जर्मन-इंग्रजी शाखेत शब्दारंभीच्या जुन्या क चा ह झाला. त्यामुळे इंग्रजी ह समोर संस्कृतात सहसा क किंवा श सापडतो : हंड्रेड आणि शत, हॉर्न आणि शृंग. इंग्रजी हार्ट (काळीज) आणि हृदय ही जोडी अपवाद आहे, आणि तिच्याच भरवशावर लोक बाकीच्या जोड्या लावत सुटतात.

टफचं तर आणखी सोपं आहे. त्यातला फ मुळातला नाहीच. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘तोह’ असा होता. शेवटचा घशातला उच्चार बदलत पुढे फ झाला, स्पेलिंगमध्ये मात्र जुनी अक्षरं राहिली. आजच्या उच्चारावरून हजारो वर्षांपूर्वीचं नातं कसं ठरवणार? तपाचा खरा नातलग इंग्रजीत आहे, तो म्हणजे टेपिड, लॅटिनमधून आलेला. अर्थ कोमट. तप् म्हणजे तापणं, हे लक्षात घेतलं की नातं लगेच पटतं.

रिजिड आणि ऋजु यांचा अर्थच जुळत नाही. ऋजू स्वभावाचा माणूस म्हणजे सरळ, सौम्य माणूस. ऋजुचे नातलग म्हणजे राइट आणि करेक्ट. रिजिड ताठरपणा दाखवणाऱ्या वेगळ्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे.

फर्म आणि धर्म मात्र खरोखर एका धातूचे. धृ म्हणजे धरणं, आणि लॅटिन ‘फिर्मुस’ म्हणजे घट्ट धरलेलं, न हलणारं. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना ध फ झाला : धूम तिकडे ‘फूमुस’ होतो, आणि त्यावरून इंग्रजीत फ्यूम्स. नियमाने जुळतं म्हणून हे नातं मानायचं, कानाला जुळतं म्हणून नाही. पण नातं आहे याचा अर्थ लॅटिनने शब्द संस्कृतातून घेतला असा होत नाही. दोघांनी तो एकाच जुन्या घरातून आणला. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच सुचवलं होतं : संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही.

तो उगम संस्कृतच का नसेल, असा प्रश्न येतोच. कारण संस्कृत स्वतःही बदललेली आहे. ‘पञ्च’ घ्या. लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’, ग्रीकमध्ये ‘पेंते’; शेवटी दोन्हीकडे ए. संस्कृतात तिथे अ आहे, पण त्याच्या आधीचा च सांगतो की कधीकाळी तिथे ए होता. ए पुढे आला की क चा च होतो, मग ए चा अ झाला. १८७० च्या दशकात हे उलगडलं. लॅटिन-ग्रीकने जे जपलं ते संस्कृतात पुसलं गेलं, तर संस्कृत त्यांची आई कशी असेल?

ॲडमंटचंही फर्मसारखंच. ग्रीक ‘अदामास’ म्हणजे ज्याला नमवता येत नाही ते. आरंभीचा अ नकाराचा, आणि पुढचा धातू आपल्या दम् चा सख्खा भाऊ. याच शब्दाचं रूप बदलून डायमंड झाला. शिवाय दम् चं अस्सल इंग्रजी भावंड आहे टेम, म्हणजे माणसाळलेलं. द चा ट होणं हा तिथला नियमच : दंत-टूथ, दश-टेन, आणि देवदारातलं दारु म्हणजे ट्री. अदम्य इतकं जवळ असूनही ॲडमंट संस्कृतातून गेलेला नाही. तो ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशा वाटेने इंग्रजीत आला.

मजकुरात नसलेली एक जोडी मला याहून आवडते : सॉलिड आणि सर्व. मूळ अर्थ अखंड, पुरं. पुण्यात प्रत्येक चांगल्या गोष्टीला आपण ज्याने दाद देतो, तो हा शब्द.

हे सगळं आपल्याला परकं नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये विल्सन व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यातून निघालेल्या भाषा याच शिस्तीने तपासल्या. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे. एकेक शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या काळात, कुठल्या अर्थाने आला याच्या नोंदींवर तो उभा आहे. त्या शहरातल्या मुलांना नुसत्या यमकावरची व्युत्पत्ती शिकवली जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि संस्कृतातून खरोखर इंग्रजीत गेलेला, कडकपणाशी नातं सांगणारा शब्द हवा असेल तर तो आहे शुगर. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळूसारखी रेव. दाणेदार साखरेला तेच नाव पडलं. पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मग मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच. मालाबरोबर नावही गेलं, आणि वाटेतला प्रत्येक मुक्काम आजही दाखवता येतो.