आधी खडू त्यांच्या हातात द्या

भिंतीवर हिरवं झाड, निळी नदी आणि खाली ठळक अक्षरांत 'पर्यावरण वाचवा'. काय काढायचं ते ठरवणारे बाहेरचे, रंगवणारेही बाहेरचे. तिथं राहणाऱ्यांनी फक्त समारंभाला यायचं आणि फोटोत उभं राहायचं. याला कुणी 'लोकसहभागातून कला' म्हटलं की मला मनापासून राग येतो.

ईव्ह मोशर या कलावतीनं २००७ साली न्यूयॉर्कमध्ये काय केलं, ते बघा. मैदानावर पांढऱ्या रेषा आखायचं यंत्र घेऊन ती ब्रुकलिन आणि दक्षिण मॅनहॅटन या भागांतल्या रस्त्यांवरून चालत राहिली. समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची, म्हणजे मोठ्या वादळात पुराचं पाणी जिथवर येऊ शकतं तिथली रेघ ती खडूनं आखत होती. सुमारे ७० मैल. लोक थांबवून विचारायचे, 'हे काय चाललंय?' माझ्या मते खरी कलाकृती त्या गप्पांमध्ये होती. रेघ काय, पावसानं धुऊन जाणारच. पुढं २०१२ मध्ये सँडी वादळ आलं आणि त्याच किनाऱ्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरलं. नंतर मायामी आणि ब्रिस्टलमध्ये ही रेघ रहिवाशांनी स्वतः आखली. मला तो टप्पा जास्त मोलाचा वाटतो. आपल्याच दारासमोरून पाण्याची रेघ ओढताना माणसाला जे कळतं, ते अहवाल वाचून कळत नाही.

आपल्याकडंही गावातल्या लोकांसोबत त्यांच्या परिसराचा नकाशा जमिनीवर काढायला बसा, मग बघा. पाणी भरणारी बाई आधी पाणवठा काढते, गुरं राखणारा चराईच्या वाटा काढतो, मुलं खेळायच्या जागा. मग कुणीतरी म्हणतं, 'ओढा इथून नव्हता वाहत,' आणि वाद सुरू होतो. तो वाद मिटवायची घाई करू नका, एवढीच माझी विनंती. ओढा कधी वळला, कुणी वळवला, कुणाची जमीन त्यात गेली, हे सगळं त्या भांडणातूनच बाहेर येतं. अधिकृत नकाशात त्यातलं काहीच नसतं.

'पण यानं प्रदूषण कमी होतं का?' असं विचारणारे भेटतात. चित्रानं नदी स्वच्छ होत नाही, मान्य. पण जोसेफ बॉइस या कलावंतानं १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात बेसाल्टच्या ७००० शिळांचा ढीग रचला. एक झाड लावलं की ढिगातली एक शिळा उचलून त्याच्याशेजारी उभी करायची. किती काम उरलंय, हे शहराला रोज ढिगाकडं बघून कळायचं. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, तेव्हा बॉइस हयात नव्हते. फिनलंडमध्ये ॲग्नेस डेनेस या कलावतीच्या कल्पनेतून रेती-खडी काढलेल्या जागी डोंगर रचला गेला. ११,००० माणसांनी त्यावर ११,००० झाडं लावली आणि प्रत्येकाला आपल्या झाडाचं ४०० वर्षांचं, वारसांकडं जाणारं प्रमाणपत्र मिळालं.

४०० वर्षं! आणि आपले प्रकल्प निधी संपला की संपतात. कलाकार निघून जातो, लोकांनी काढलेले नकाशे त्याच्या प्रदर्शनात टांगले जातात आणि ज्यांनी ते काढले त्यांच्याकडं एक झेरॉक्ससुद्धा उरत नाही. उद्या त्याच ओढ्यावर बांधकामाचा प्रस्ताव आला, तर बैठकीत पुढं काय ठेवायचं त्यांनी?

म्हणून अशा कुठल्याही उपक्रमाचं बोलावणं आलं, की रंग, कागद, मानधन यांच्याआधी मी एकच विचारते: मूळ नकाशा कुणाच्या घरी राहणार?