लाल, पण तशी नव्हे

दिवाळी अंकाची प्रुफे भर पावसाळ्यात येतात आणि ती लाल शाईनेच तपासायची असतात, हे मराठी मासिकांचे दोन अलिखित नियम मी वर्षानुवर्षे निमूटपणे पाळत आलो आहे. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. श्रावणातल्या मुंबईत घराबाहेर पडून करण्यासारखे तसेही फारसे काही नसते. दुसऱ्या नियमाने मात्र लेखकांशी असलेले माझे संबंध पार बिघडवून ठेवले. भडक लाल खुणांनी भरलेले प्रूफ हाती पडताच साठी ओलांडलेला, संमेलनांच्या व्यासपीठांवर हार घालून घेतलेला कथाकारसुद्धा क्षणात इयत्ता चौथीच्या बाकावर जाऊन बसतो आणि तेथून त्याला उठवून आणणे संपादकाच्या हाती राहत नाही. एका ज्येष्ठ लेखिकेने तर फोनवर अत्यंत संयत आवाजात मला विचारले होते, "अहो, एवढा रक्तपात करण्यासारखे माझ्या कथेत होते तरी काय?"

लाल शाई सोडूनच द्यावी, असे सुचवणारे हितचिंतक अशा वेळी हमखास भेटतात. परंतु निळ्या शाईत लेखकाने स्वतः ऐन वेळी घुसडलेली वाक्ये असतात, काळी शाई छापील मजकुरात दडून बसते, हिरव्या शाईने अनुस्वार दिला तरी राजपत्रित अधिकाऱ्याने तो साक्षांकित केल्यासारखा वाटतो, आणि पेन्सिलीने केलेल्या खुणा पाळणे ऐच्छिक असते, असा आमच्या डीटीपी ऑपरेटरचा ठाम समज आहे. उरली ती गडद लाल. खूण शोधणाऱ्याला दिसावी, पण लेखकाला टोचू नये. लाल असावी, पण तशी लाल नसावी, एवढीच माझी मागणी होती.

खरे तर लाल शाईला हे मास्तरी रूप अलीकडेच आले आहे. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत मजकूर काजळाच्या काळ्या शाईने लिहीत आणि हिंगुळाची लाल शाई मानाच्या जागांसाठी राखून ठेवीत: अध्यायाच्या शेवटची पुष्पिका म्हणजे समाप्तीची ओळ, श्लोकांचे दंड आणि आकडे, 'उवाच' यांसाठी. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाच्या खनिजाचा पिवळा लेप देऊन ती झाकून टाकीत. चूक पिवळी आणि सन्मान लाल, अशी ही सुसंस्कृत वाटणी कोणी मोडली, ते मला सांगता येणार नाही. माझा संशय शाळाखात्यावर आहे. हरताळात आर्सेनिक असल्यामुळे ती पद्धत पुन्हा सुरू करावी, असा आग्रह मी धरत नाही. काही हस्तलिखिते तपासताना तसा मोह होतो, एवढेच.

शोधाची सुरुवात अर्थातच फोर्टमधून झाली. तेथल्या एका दुकानदाराने माझी मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि लाल शाईची बाटली पुढे ठेवली. मला जरा गडद हवी आहे, असे मी म्हणताच तो म्हणाला, "दोनदा गिरवा साहेब, गडद होईल." १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून जो उद्योग उभा केला, त्याच्या कॅमल शाईवर माझ्या पिढीचे अक्षर पोसले गेले आहे, आणि लाल शाई जशी असायला हवी तशीच कॅमलची लाल शाई आहे: स्वच्छ, निःसंदिग्ध, लांबूनही वाचता येणारी. अडचण तिच्यात नव्हती. माझ्या लेखकांच्या नाजूक प्रकृतीत होती.

मग परदेशी शायांच्या वाटेला गेलो आणि तेथे उलट प्रकार दिसला. १८६४ पासून शाई बनवणाऱ्या, लिव्हरपूलच्या डायमाइन कंपनीकडे लाल रंगाच्याच इतक्या छटा आहेत की मॅटाडोर, रेड ड्रॅगन, ऑक्सब्लड, मर्लो, सिरा ही यादी वाचता वाचता आपण शाई मागवत आहोत, बैलझुंजीला निघालो आहोत की वाईनच्या दुकानात उभे आहोत, हे कळेनासे होते. १६७० साली स्थापन झालेल्या फ्रान्सच्या हर्बिनची रूज हेमाटाइट वाळली की तिच्या कडांवर सोनेरी-हिरवी झाक येते. ती मोहक आहे, पण 'आणि'मधली णि ऱ्हस्व असते, हे सांगण्यासाठी एवढा साजशृंगार करणे मला संकोचाचे वाटले. पायलट या जपानी कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेतली मोमिजी गुलाबीकडे झुकते आणि यामा-बुदो जांभळ्याकडे. संगणकाच्या पडद्यावर मात्र या सगळ्या शाया मला हव्या तशाच दिसत होत्या, आणि मोबाइलवर त्यांतली एकही तशी दिसत नव्हती.

शेवटी नमुन्याच्या छोट्या कुप्या मागवल्या आणि एका कागदावर प्रत्येक शाईची पट्टी ओढून तो कागद घरातल्या उच्च न्यायालयापुढे ठेवला. आमच्या घरी रंगांबाबतचा अंतिम अधिकार दादरच्या साड्यांच्या दुकानांत घडलेला आहे आणि तो माझ्याकडे नाही. पत्नीने चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि "ही डाळिंबी, ही आमसुली, ही किरमिजी, आणि ही मरून, पण दोनदा धुतलेली," असा निवाडा दिला. यांतली गडद लाल कोणती, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, यांत लाल एकही नाही," आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली.

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला त्याच रात्री कळले. पांढऱ्या टिपकागदाची पट्टी कापून तिच्या खालच्या बाजूस शाईचा थेंब टाकावा, तो वाळू द्यावा आणि पट्टीचे टोक थेंबाच्या खालपर्यंत पाण्यात बुडवून ठेवावे. पाणी वर चढता चढता शाईतले मूळ रंग एकमेकांपासून वेगळे करत नेते. माझ्या सर्वांत प्रौढ आणि गंभीर दिसणाऱ्या शाईतून आधी एक उत्साही गुलाबी रंग बाहेर पडला आणि पट्टीच्या माथ्यापर्यंत धावत गेला, त्याच्या मागोमाग फिकट पिवळा निघाला, आणि अगदी तळाशी एक करडा-निळा पट्टा जागचा न हलता बसून राहिला. सारा भारदस्तपणा त्या करड्या-निळ्याचा होता. तो नसता तर उरलेली मंडळी लग्नपत्रिकेवर शोभली असती.

यानंतर कागदाने आपला हिसका दाखवला. प्रुफे काढली जातात ती झेरॉक्सच्या सर्वांत स्वस्त कागदावर, आणि मुंबईचा पावसाळा त्या कागदात असा मुरतो की पान उचलले तरी ते ताठ उभे राहत नाही. दमट, भुसभुशीत तंतूंतून शाई वाट मिळेल तिकडे पसरते. त्यामुळे एका कवितेत मी दिलेल्या अनुस्वाराचा पाहता पाहता बुंदीचा लाडू झाला आणि त्याने शेजारचा रफारही गिळला. बारीक निब वापरावी तर शाई कमी पसरते, पण रेघ जितकी बारीक, तितका तिचा रंग डोळ्याला रंग म्हणून जाणवत नाही. सगळे काळपट दिसते. जाड निब वापरावी तर रंग खुलतो, मात्र समासात मावणाऱ्या दहा दुरुस्त्यांपैकी चारच मावतात, आणि बाकीच्या सहा लेखकाच्या बाजूने सोडून द्याव्या लागतात.

उजेडाचे दुखणे त्याहून विचित्र निघाले. पिवळ्या दिव्याखाली उबदार दिसणारी शाई पांढऱ्या एलईडीखाली थंड आणि जांभळट होते, एवढे मी समजू शकत होतो. परंतु आभाळ भरून आलेल्या दुपारी, दिवा न लावता प्रुफे वाचायला बसलो की माझ्या खुणा पानावरून चक्क नाहीशा होत. डोळ्यांचा डॉक्टर गाठायच्या आधी वाचनात आले की अंधारू लागताना डोळ्याला सर्वांत आधी लाल रंग काळवंडलेला दिसू लागतो, निळा मात्र बराच वेळ टिकून राहतो, आणि पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. त्याला कधी दिवाळी अंकाची प्रुफे तपासावी लागली होती की काय, कोण जाणे.

घरच्या घरी लालमध्ये काळी मिसळण्याच्या उद्योगाबद्दल थोडक्यातच सांगतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकत्र केल्या तर कधीकधी साका धरतो आणि पेनाचा घसा बसतो, म्हणून हा खेळ बाटलीतच खेळावा. एका थेंबाने काहीही होत नाही आणि पुढच्या थेंबाने तपकिरी होते. मधला थेंब अस्तित्वात नाही.

अखेर डायमाइनची ऑक्सब्लड ठरली. मध्यम निब, खिडकीचा उजेड किंवा पिवळा दिवा, आणि प्रुफांसाठी मी स्वतः पदरमोड करून पुरवलेला जरा बरा कागद, एवढे जुळून आले की ती थेट मनातल्यासारखी उमटते: काळ्या मजकुराशेजारी वेगळी कळणारी, तरी आवाज न चढवणारी. पहिल्या फर्म्याची पाने तपासून ऑपरेटरकडे पाठवली आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, पाने मिळाली, पण तपासून कधी पाठवताय?" त्याने नेहमीप्रमाणे मोबाइलने पानांचे कृष्णधवल स्कॅन केले होते, मूळ कागद बाजूला ठेवून दिले होते, आणि स्कॅनमध्ये माझी ऑक्सब्लड छापील अक्षरांइतकीच काळी होऊन त्यांच्यात मिसळून गेली होती. मी त्याला रंगीत स्कॅन कसे करायचे, ते सावकाश समजावून सांगितले. तो गुणी मुलगा आहे. त्याने लगेच तसे केले. त्याच्या मोबाइलने पाने आपोआप 'सुधारून' कागद शुभ्र केला, अक्षरे ठळक केली आणि माझ्या खुणांना असा लालभडक रंग चढवला की फोर्टमधल्या त्या दुकानदाराने समाधानाने मान डोलावली असती. माझा वेळ वाचावा, म्हणून त्याने ती सगळी पाने परस्पर लेखकांनाही पाठवून दिली होती.